सोन्याचे नॅनोकण आणि अल्ब्युमिन: फ्लुरोसन्स मोजताना या चुका टाळा

बीएसएच्या, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनच्या द्रावणात सोन्याचे नॅनोकण थोडे थोडे टाकत गेलं, की फ्लुरोसन्सचा (प्रथिनाने शोषून परत बाहेर टाकलेल्या प्रकाशाचा) ३४० नॅनोमीटरजवळचा डोंगर पायरी-पायरीने खाली बसतो. स्टर्न-व्होल्मर आलेखही (मूळ तीव्रता भागिले कण टाकल्यानंतरची तीव्रता, कणांच्या संहतीसमोर मांडलेली) छान सरळ येतो. ‘क्वेंचिंग (फ्लुरोसन्स विझणं) झालं, म्हणजे कण प्रथिनाला चिकटले’ असं लिहून एम.एस्सी.चा प्रोजेक्ट बाइंडिंगला जातो. चिकटले असतीलही. पण या आलेखावरून ते कळत नाही.

आधी कागदावर एक हिशेब करा. २० नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या एका कणात साधारण अडीच लाख अणू असतात. म्हणजे ०.२५ मिलीमोलर सोन्याच्या क्षारापासून बनवलेल्या द्रावणात कणांची संहती फक्त १ नॅनोमोलर असते. बरेच जण क्षाराचाच आकडा आलेखाच्या आडव्या अक्षावर मांडतात. तिथे आलेखाच्या उतारावरून काढलेला स्थिरांक लाखो पटींनी चुकतो आणि आलेख मात्र तितकाच देखणा दिसतो!

आता पुढचं. अशा कणाचं पृष्ठफळ सुमारे १२५० चौरस नॅनोमीटर. अल्ब्युमिनचे रेणू दाटीवाटीने बसवले तरी एका थरात पन्नासेक मावतील. सढळ हाताने शंभर धरू. १ मायक्रोमोलर प्रथिनात १ नॅनोमोलर कण असतील, तर फार तर दहा टक्के प्रथिन कणांवर बसेल. मग फ्लुरोसन्स निम्मा कसा झाला? उरलेले रेणू कणांना शिवलेलेही नाहीत. त्यांचा प्रकाश वाटेतच गिळला गेला.

गिळणारे अर्थातच ते कण. सोनं म्हटलं की सगळ्यांना ५२० नॅनोमीटरचं शिखर आठवतं, पण अतिनील भागातही ते भरपूर शोषतं. उत्तेजनाचा प्रकाश क्युव्हेटच्या (नमुना ठेवायच्या पारदर्शक नळीच्या) मध्यापर्यंत पोचताना कमी होतो आणि बाहेर येणारा प्रकाशही. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. उत्तेजनाच्या आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या, दोन्ही तरंगलांबींना शोषण फक्त ०.१ असलं तरी सुमारे वीस टक्के तीव्रता यातच जाते. म्हणून प्रत्येक नमुन्याचं शोषण त्याच क्युव्हेटमध्ये मोजा. दोन्ही तरंगलांबींच्या शोषणांची बेरीज निम्मी करा, १० चा तेवढा घात घ्या आणि मोजलेल्या तीव्रतेला त्याने गुणा. मात्र शोषण वाढत गेलं की या सूत्रावर विसंबता येत नाही. तेव्हा कण कमी करा किंवा कमी जाडीचं क्युव्हेट वापरा. आणखी एक सोपी चाचणी: प्रथिनाऐवजी एन-ॲसिटाइल-ट्रिप्टोफॅनामाइड (प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या चमकणाऱ्या अमिनो आम्लासारखाच चमकणारा छोटा रेणू) घेऊन तेच कण तेवढेच टाका. तीव्रता तशीच घसरली, तर तुम्ही प्रथिनाबद्दल काहीच मोजलेलं नाही.

‘पण आमचा लाइफटाइम (उत्तेजित रेणू प्रकाश टाकेपर्यंतचा सरासरी वेळ) बदलला नाही, म्हणजे क्वेंचिंग स्टॅटिक (टक्करीने नव्हे, आधीच जोडी जमल्याने झालेलं) आहे’ हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. स्टॅटिक क्वेंचिंगमध्ये लाइफटाइम बदलत नाही हे खरं. पण इनर फिल्टरमध्येही तो बदलत नाही. टक्करीने होणाऱ्या क्वेंचिंगचा वेग २ × १०¹० प्रति मोलर प्रति सेकंद या मर्यादेच्या वर गेला, म्हणून ते स्टॅटिकच, हा पुरावाही तसाच दुबळा आहे. न दुरुस्त केलेली आकडेवारी ती मर्यादा सहज ओलांडते.

बाकीच्या चुका लहान, पण नेहमीच्या. २८० नॅनोमीटरला टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्लही उत्तेजित होतं. फक्त ट्रिप्टोफॅन पाहायचं तर २९५ घ्या. बीएसएत दोन ट्रिप्टोफॅन आहेत, मानवी अल्ब्युमिनमध्ये एकच, २१४ व्या जागी. त्यामुळे एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवू नका. २९५ ला उत्तेजित केलं की ३२८ च्या आसपास एक छोटा उंचवटा दिसतो. तो नवा कॉम्प्लेक्स वगैरे नसून पाण्याची रामन रेषा आहे (१९२८ साली ज्याचा शोध लागला तोच रामन परिणाम, तुमच्या क्युव्हेटमध्ये). ब्लँक (वजा करायचा कोरा नमुना) फक्त बफरचा नको, प्रथिन न घातलेले तेवढेच कण असलेल्या बफरचा हवा.

बफरचंही बघा. सायट्रेटवर टिकलेलं, कोकम सरबतासारखं लाल द्रावण थेट पीबीएसमध्ये (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) ओतलं की मिठामुळे कण गोळा होतात आणि रंग जांभळा-निळा होतो. त्यानंतरचं प्रत्येक रीडिंग गुठळ्यांचं असतं. कमी मिठाचा फॉस्फेट बफर घ्या, आधी प्रथिन मिसळा, आणि ५२० चं शिखर किती सरकलं ते दर वेळी पाहा. काही नॅनोमीटर सरकणं ठीक आहे. शिखर पसरून ६०० च्या पुढे खांदा आला तर नमुना फेकून द्या. चांदीच्या कणांना क्लोराइड नको, झिंक ऑक्साइडला फॉस्फेट नको.

अल्ब्युमिनवरून ‘रक्तात असं होतं’ असंही लिहू नका. रक्तद्रवात शेकडो प्रथिनं कणाच्या पृष्ठभागासाठी झगडतात आणि आधी बसलेल्यांना नंतर आलेली उठवतात. सीरम वापरणार असाल तर त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) नसतं, हेही ध्यानात ठेवा.

खरोखर किती प्रथिन बसलं हे हवं असेल, तर कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा आणि वरच्या स्वच्छ द्रावणात उरलेलं प्रथिन मोजा. सोबत कण न घातलेली, तशीच फिरवलेली नळी ठेवा, कारण थोडं प्रथिन प्लॅस्टिकलाही चिकटतं.