टमी टकनंतरची सूज आणि व्रण

टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन. त्यानंतर सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी फुगलं, म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. कातडी उचलताना लसिकावाहिन्या (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कापल्या जातात, त्यामुळे टाक्यांच्या वरच्या बाजूला पाणी साचतं. ही सूज 3 महिने, कधी त्याहून जास्त टिकते. ऑपरेशननंतर पोटावर बांधायच्या घट्ट पट्ट्याला घडी पडली की वळ उठतो, म्हणून आतून पातळ सुती बनियन घाला.

व्रण पहिले काही महिने उलट जास्तच लाल आणि जाड होतो. जखम पूर्ण बंद होऊन खपली गळल्यावर सिलिकॉन पट्टी रोज 12 तासांहून जास्त, निदान 2-3 महिने लावा. परकराची नाडी नेमकी व्रणावर येते. ती वर बांधा. बेंबीखालचा भाग बधिर असतो, तिथे गरम पाण्याची पिशवी नकोच, भाजलेलं कळत नाही. कडेला उरलेला कातडीचा उंचवटा बरेचदा वर्षभरात बसतो. दुरुस्तीची घाई कशाला?

दाबल्यावर कातडीखाली पाणी हललं तर सर्जनला दाखवा, ते सुईने काढतात. एकच पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर तडक इमर्जन्सीत जा.