ठिपके जोडायचे नाहीत! सिक्कु कोलम काढायला शिकताय तर आधी हे वाचा

आपल्याकडे लहानपणापासून ठिपक्यांची रांगोळी काढलेली असते ना, तर आपल्याला वाटतं कोलम म्हणजे तेच, फक्त तामिळ नाव. मलाही तसंच वाटलं होतं. चेन्नईत मैलापूरला राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मामींसमोर शायनिंग मारायला गेले, मस्त ठिपके टाकले आणि सवयीने ठिपक्याला ठिपका जोडत सुटले. मामींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, तांब्यातलं पाणी ओतलं त्याच्यावर आणि म्हणाल्या परत टाक.

तर मुद्दा असा की तिथे ठिपके जोडून काढायचा प्रकार पण आहे, त्यात फुलं, पक्षी, दिवे वगैरे येतात आणि तो आपल्याला लगेच जमतो. पण ज्याच्यासाठी लोक कोलम शिकायला बघतात तो सिक्कु कोलम, सिक्कु म्हणजे गुंता, त्यालाच कंबी कोलम पण म्हणतात. त्यात रेघ ठिपक्याला शिवतच नाही, ती ठिपक्याला वळसा घालून पुढे जाते आणि फिरून फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. ठिपक्याला ते पुळ्ळी म्हणतात.

आधी जमीन. सूर्य उगवायच्या आत दार झाडायचं आणि सडा घालायचा, गावाकडे शेणाचा, शहरात नुसतं पाणी. इथेच निम्म्या लोकांचं चुकतं. पाणी साचलेलं असेल तर पीठ पसरून रेघेचा ओघळ होतो आणि जमीन कोरडी असेल तर वाऱ्याने उडून जातं. सडा घातल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, जमीन ओलसर दिसली पाहिजे पण हात लावला तर बोटाला पाणी लागायला नको, अशा जमिनीवर पीठ धरून बसतं.

आता पीठ. जुनी पद्धत तांदळाच्या पिठाची, अरिसी मावू, म्हणजे मुंग्या, चिमण्या, खारींनाही खायला मिळतं. पण घरातलं बारीक दळलेलं पीठ चिमटीतून सुटत नाही, गोळा होऊन पडतं, त्यामुळे जरा भरड पाहिजे. बाजारात मिळतं ते कोल मावू म्हणजे पांढऱ्या दगडाची भुकटी, ती छान घरंगळते, बऱ्याच जणी दोन्ही मिसळून वापरतात. शिकताना भुकटीच घ्या, मुंग्यांचं नंतर बघू.

हाताचं नीट वाचा कारण सगळं कसब इथे आहे. मूठभर पीठ तळहातात घ्यायचं आणि शेवटच्या दोन बोटांनी धरून ठेवायचं, तिथून ते अंगठा आणि तर्जनीकडे थोडं थोडं सरकवायचं. अंगठा तर्जनीवर हलका घासत राहायचा, रेघ त्या घासण्याने पडते, पिठाच्या वजनाने नाही. हात जमिनीपासून बोटभर वर. आणि रेघ ओढताना मनगट फिरवू नका, अख्खा हात खांद्यापासून फिरवा, नाहीतर वळण गोल न होता टोकदार होतं (माझी पहिली पंधरा-वीस कोलमं अशीच काटेरी होती). तिथल्या बायका गुडघे न वाकवता कंबरेत वाकून काढतात, आपण उकिडवं बसलं तरी चालतं, फक्त मागे मागे सरकत जा, नाहीतर आपलाच पाय पडतो.

आता पहिलं कोलम, पाच पुळ्ळ्यांचं. मधे एक ठिपका, मग त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक, सगळे सारख्या अंतरावर, चार बोटं पुरे. मधला आणि उजवा ठिपका यांच्या बरोबर मधल्या जागेतून सुरुवात करा. रेघ तिरकी वर न्या, उजव्या ठिपक्याच्या डोक्यावरून त्याला वळसा घालून खालून परत त्याच जागेत आणा. तिथून न थांबता तिरकं डावीकडे वर, मधल्या आणि वरच्या ठिपक्याच्या मधून, मग वरच्या ठिपक्याच्या डाव्या बाजूने चढून उजव्या बाजूने उतरायचं आणि त्याच जागेत आपलीच रेघ ओलांडून तिरकं डावीकडे खाली. आता डावा ठिपका, त्याच्या खालून जाऊन वरून परत, रेघ ओलांडा, तिरकं उजवीकडे खाली. शेवटी खालचा ठिपका, उजवीकडून उतरून डावीकडून वर, ओलांडा, आणि तिरकं वर जाऊन सुरुवातीच्या जागेला मिळवा. चार पाकळ्या झाल्या आणि मधला ठिपका आपोआप छोट्या चौकोनात आला, त्याच्यासाठी वेगळं काही काढावं लागलं नाही. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा खरंच मजा येते.

बरोबर आलं का ते बघायचं सोपं आहे. प्रत्येक ठिपका त्याच्या त्याच्या खोलीत एकटा हवा, आणि कुठेही रेघेचं टोक लोंबकळत नको. मोठ्या कोलमांत कधी कधी एकाच्या ऐवजी दोन-तीन बंद रेघा एकमेकींत अडकलेल्या असतात, ती चूक नाही.

मग पुढे नुसते आकडे दिसायला लागतात, 7 ते 1 नेर पुळ्ळी, 15 ते 8 इडुक्कु पुळ्ळी, वगैरे. घाबरायचं नाही. नेर म्हणजे सरळ, ठिपक्याच्या डोक्यावर ठिपका, मधली ओळ 7 ची आणि वर-खाली 5, 3, 1, एकूण 25. इडुक्कु म्हणजे मधल्या फटीत, वरच्या ओळीचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधे येतो, त्यामुळे ओळ एकेकाने कमी होते. 7 ते 4 असेल तर 37 ठिपके, 15 ते 8 म्हणजे 169. नेहमी मधली सगळ्यात लांब ओळ आधी टाका. तिथे अर्ध्या बोटाचा फरक पडला तर कडेला जाईपर्यंत कोलम एका बाजूला कललेलं दिसतं आणि मग दुरुस्तीच नाही. रोज सकाळी शक्य नसेल तर वहीवर पेन्सिलने करा, तिथल्या बऱ्याच घरांत अशा वह्या असतात.

कॉम्प्युटरवाल्यांना एक गंमत सांगते, ह्या वळणांचे नियम असतात म्हणून मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये कोलमच्या व्याकरणावर पेपर लिहिला होता. खरंच व्याकरण, भाषेसारखं.

सणाला ओलं कोलम असतं, त्याचं थोडक्यात सांगते. कच्चा तांदूळ तासभर भिजवून गंधासारखा बारीक वाटायचा, पातळ करायचा, त्यात सुती चिंधी बुडवून मुठीत धरायची आणि दाबून अनामिकेवरून धार सोडायची. वाळलं की पांढरंशुभ्र दिसतं, भोवती कावीची म्हणजे गेरूची तांबडी किनार. ह्यात पुसायची सोय नाही म्हणून घाई करू नका. स्टिकरचं कोलम पण मिळतं, फ्लॅटच्या दारात खूप दिसतं, मला नाही आवडत.

शिकायला बेस्ट वेळ मार्गळी, आपला धनुर्मास, डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत. त्या महिन्यात पहाटे गल्लीत प्रत्येक दारात मोठी मोठी कोलमं, देवळातून तिरुप्पावै (आंडाळची विष्णूभक्तीची तामिळ पदं) ऐकू येतं, आणि कोलमच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. एक मात्र लक्षात ठेवा, घरात कुणी गेलेलं असेल तर दारात कोलम काढत नाहीत, श्राद्धाच्या दिवशी पण विधी होईपर्यंत नाही, त्यामुळे कुणाच्या दारात दिसलं नाही तर हौसेने काढून द्यायला जाऊ नका.

पोंगलच्या शेवटी रथाचं कोलम काढतात, त्याला पुढे दोरी काढायची. काही गल्ल्यांत ती दोरी शेजारच्या दारातल्या रथापर्यंत नेतात, म्हणून तिचं टोक बंद करायचं नाही. मी बंद केलं होतं, सवयीने, आणि मामींनी परत तांब्या आणला.