पावसाळ्यात मासळीबाजाराचा कचरा कसा जिरवावा

कोकणात ग्रामपंचायतीचा खतखड्डा कातळावर खणू नका. कातळात पाणी लवकर जिरत नाही. खड्ड्याची विहीर होते. जमिनीवरच चिऱ्यांचं टाकं बांधा: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. हवेसाठी भिंतीत भोकं ठेवा. छपराची पडवी नैऋत्येकडे निदान 3 फूट पुढे काढा, कारण पाऊस तिरका येतो.

तळाला नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) वीतभर अंथरा. त्यावर पातेरा (सुका पालापाचोळा), मग मासळीची आतडी-खवले, पुन्हा पातेरा. मासळी एक घमेलं तर पातेरा निदान तीन घमेली, वर शेणकाला. मासळी कडेला कधीच नको, मधोमधच. नाहीतर कुत्री भिंत उकरतात. पातेरा मात्र मे महिन्यातच पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैत तो मिळत नाही आणि बहुतेक टाकी तिथेच बिघडतात.

तपासणी हाताने करा. मूठभर माल दाबल्यावर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर सोडणांचा भुसा मिसळून उलथा. नाकात झोंबणारा वास आला तर मासळी जास्त झाली, पातेरा वाढवा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवाच नाही. त्याच दिवशी फावड्याने उलथा. मधोमध खुपसलेली सळई चार दिवसांनी काढल्यावर चटका बसायला हवा.

कोळंबीची सालं सावकाश कुजतात, ती आधी ठेचून घ्या. सफाई कामगारांना गमबूट आणि रबरी हातमोजे द्याच: ओल्या कचऱ्यावर उंदीर येतात आणि लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे.