म्हातारी भोपळ्यात आहे हे वाघाला माहीत आहे का? लहान मुलांना गोष्ट कशी सांगावी

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज नवी गोष्ट शोधायची गरज नाही. आठवडाभर एकच पुरते. ‘तीच सांग ना’ हा हट्ट आपल्याला कंटाळवाणा वाटतो, पण मुलाचं त्यात बरोबर असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना नवे शब्द एकाच गोष्टीतून पुन्हा पुन्हा ऐकवले, काहींना तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द दोघांच्याही कानांवर सारख्याच वेळा पडले, तरी एकच गोष्ट ऐकणारी मुलं ते जास्त शिकली.

गोष्ट निवडा

पात्रं थोडी हवीत, एखादी ओळ पुन्हा पुन्हा यायला हवी आणि ती ठेक्यात म्हणता यायला हवी. इथे आपण म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ. कोल्हा की लांडगा, यावर घराघरांत मतभेद आहेत. तुमच्या आजीनं सांगितली तशीच सांगा.

पहिल्यांदा नुसती सांगा

पुस्तक नको, प्रश्न नकोत, तात्पर्य तर नकोच. मुलाच्या डोळ्यांकडे बघत सांगा. वाघाचा आवाज जाड, म्हातारीचा कापरा. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ ही ओळ दर वेळी अगदी तीच ठेवा. तिच्यात फेरफार केला तर पुढची पायरी जमणार नाही.

मग जागा सोडा

दोन-तीनदा सांगून झाल्यावर ‘चल रे भोपळ्या...’ म्हणून थांबा. ‘टुणुक टुणुक’ समोरून येईल. नाही आलं तर चार-पाच सेकंद वाट बघा, मग आपणच म्हणा. मोठ्यांना शांतता सहन होत नाही, तिथेच घोटाळा होतो. हळूहळू अख्खी ओळ मुलाची होऊ द्या. बोलायला लाजणारी मुलंही इथे बोलतात, कारण काय म्हणायचं ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

आता प्रश्न विचारा, पण मोजके

‘वाघाचा रंग कोणता?’ असले परीक्षेचे प्रश्न सोडून द्या. मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा वाटतो: आत म्हातारी बसली आहे, हे वाघाला माहीत आहे का?

तीन वर्षांचं मूल बऱ्याचदा ‘हो’ म्हणतं. आपल्याला ठाऊक आहे म्हणजे वाघालाही ठाऊक असणार, असा त्याचा सरळ हिशेब. साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास उत्तर बदलतं: ‘नाही, त्याला तर भोपळाच दिसतोय.’ आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं, हे त्याला कळू लागलेलं असतं. लपाछपी खेळायला, मित्र का रुसला हे ओळखायला, भांडण मिटवायला हीच समज लागते. म्हणून ‘हो’ आलं तर ‘चूक’ म्हणू नका. मुलाला गोधडीखाली लपवा आणि स्वतः वाघ होऊन खोलीभर म्हातारीला शोधा. मग भूमिका बदला. पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा.

आणखी एक विचारता येईल: म्हातारीला वाघासमोर काय वाटलं असेल? ‘भीती’ एवढंच उत्तर आलं तर आपण एखादा शब्द जोडावा. छातीत धडधडलं असेल, पाय लटपटले असतील. स्वतःला भीती वाटेल तेव्हा सांगायला हे शब्द मुलाजवळ असतील.

दोघा-चौघांना घेऊन करा

शेजारची, मामेभावंडं, जी मिळतील ती मुलं जमवा. सगळ्यांनाच वाघ व्हायचं असतं. होऊ द्या तीन वाघ. भोपळा व्हायला मात्र कुणाला तरी पटवावं लागेल, आणि ते पटवणं मुलांवरच सोपवा. ज्याला काहीच व्हायचं नाही त्यानं नुसतं बघावं.

शेवटी गोष्ट मुलाला देऊन टाका

आता सांगणारं मूल, ऐकणारे आपण. शिकागो विद्यापीठाच्या शाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली मुलांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहून घेत आणि मग वर्गात त्या करून दाखवल्या जात. घरीही हे जमतं. एक साधी वही पुरे. ‘मग वाघ आला, मग भूभू आला, मग सगळ्यांनी पोळी खाल्ली’ असं आलं तर तसंच लिहा, व्याकरण न सुधारता, आणि लगेच वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि तिथून पुन्हा ऐकू येतं, ही वाचनाची पहिली ओळख आहे.

आजी-आजोबा गावी असतील किंवा मूल परदेशात वाढत असेल, तर ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर सांगू द्या. ‘कशी आहेस?’ ‘बरी आहे’ याच्यापुढे न सरकणारं संभाषण भोपळ्यावर छान चालतं. आजींना फक्त आधी सांगून ठेवा: एखादी ओळ मुद्दाम चुकवायची. मूल लगेच दुरुस्त करेल, तेही मराठीत.

नवी गोष्ट केव्हा आणायची ते मूलच सांगेल. भोपळा ऐकताना ते उठून जाऊ लागलं, की चिऊ-काऊकडे वळा आणि विचारा: पावसात भिजत दाराशी उभ्या असलेल्या काऊला चिऊ आत काय करतेय हे दिसत होतं का?