वळीव पडायच्या आत खताची टाकी तळ्यापासून हलवा

मे लागला की शेततळ्यात कंबरभर पाणी उरतं, आणि नासतंही तेच. उथळ पाणी, दिवसभर ऊन, पडलेला वारा. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की निळं-हिरवं शेवाळ झपाट्यानं वाढतं. ऊन आपल्या हातात नाही, खत आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे मी जी नासलेली तळी पाहिली, त्यातल्या बहुतेकांच्या बांधावर विद्राव्य खताची टाकी नाहीतर कोंबडीखताचा ढीग होता.

हिशेब करून बघा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या भरलेल्या तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी असतं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फरस या शेवाळाला भरपूर झाला. म्हणजे सगळा मिळून २०० ग्रॅम, पाऊण किलो १२:६१:०० या विद्राव्य खतात तेवढा असतो. आता पाणी पाव उरलं असेल तर तीन-चार मुठी पुरतात. टाकी विसळून पाणी बांधावर ओतलं, वळवानं ढीग धुऊन आणला, की झालं. शिवाय मागच्या वर्षीचं खत गाळात बसलेलं असतंच. वारा तो गाळ ढवळतो, तळाशी प्राणवायू संपला की फॉस्फरस सुटून वर येतो. चीनमधलं ताइहू सरोवर सरासरी दोनच मीटर खोल आहे. २००७ साली तिथं असंच शेवाळ माजलं आणि वूशी शहराचं नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही.

साधं शेवाळ आणि हे निळं-हिरवं विषारी शेवाळ एक नव्हे. काठी बुडवून बाहेर काढा. केसांसारखे तंतू लोंबले तर साधं. हिरवा ऑइलपेंट लावल्यासारखी काठी माखली तर सावध व्हा. हातमोजे घालून काचेची बाटली भरा, रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवं वर तरंगून गळ्याशी कडं धरलं असेल तर ते पाणी जनावरांना द्यायचं नाही. यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृतावर घाव घालतं आणि उकळून जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

माझा अनुभव असा, की दोन दिवस वारा पडला, उकाडा वाढला की तिसऱ्या सकाळी तवंग दिसतो. मग वारा सुटतो आणि सगळा तवंग एका कोपऱ्यात लोटतो. आपली गुरं बऱ्याचदा नेमकी तिथंच तोंड लावतात. जनावर लाळ गाळतंय, थरथरतंय, चारा सोडलाय, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि बाकीची गुरं पाण्यापासून बांधून ठेवा.

दुकानदार आता बाटल्या घेऊन येतील. 'एका रात्रीत तळं स्वच्छ' म्हणतील. तवंग आल्यावर शेवाळ मारू नका. पेशी फुटल्या की आतलं विष एकदम पाण्यात सुटतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर धरणात मोरचूद टाकलं आणि १४८ माणसं दवाखान्यात पोचली. मोरचूद वापरायचंच तर तवंग नसताना, हजार लिटरला १ ग्रॅम, पूर्ण विरघळवून. मासे असतील किंवा गुरं तेच पाणी पीत असतील तर नाहीच. बाटलीचे पैसे शेडनेटला घाला. तळ्यावर सावली झाली की शेवाळाचं ऊन तुटतं आणि बाष्पीभवनही कमी होतं.

तवंग असेपर्यंत मोटारीचा पाइप मधल्या थरात ठेवा, वरच्या तवंगात नको आणि गाळातही नको. मेथी-कोथिंबिरीवर तुषार बंद ठेवा, ते पाणी पानांना चिकटतं. फिल्टर रोज धुवा आणि धुतलेलं पाणी तळ्यात परत सोडू नका. ड्रीपर चोंदून भर उन्हात चार दिवसांत टोमॅटोचा प्लॉट बसलेला मी पाहिलाय. फिल्टरवरचा तो हिरवा थर नखानं खरवडून काढावा लागला होता, आणि फिल्टरचं पाणी तळ्यातच जात होतं.

बाकी नेहमीची कामं:
- द्राक्ष: खरड छाटणीनंतर फुटींची विरळणी, सबकेन (शेंडा खुडून बगलफूट वाढवणं).
- उन्हाळ कांदा: सुकवून, निवडून चाळीत.
- सोयाबीन: घरच्या बियाण्याची उगवण चाचणी.
- तळं: प्लास्टिकच्या कागदाला भोकं असतील तर चिकटवणं, गाळ काढून बांधापासून लांब टाकणं.

आता सगळ्यात सहज निसटणारी गोष्ट. बाग तळ्यापेक्षा उंचावर असेल, खत सोडताना लाइट गेली आणि एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसेल, तर पाइपातलं खताचं पाणी मागं वळून तळ्यात उतरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आज संध्याकाळी नुसतं पाणी चालू ठेवून मोटार बंद करा आणि पाइपाला कान लावा. आत पाणी परत वाहिल्याचा आवाज आला तर उद्या खत सोडू नका, आधी व्हॉल्व्ह बसवा.