जुनी सिटी व्हीटेक पळवताय? मग या चुका टाळा

२००० साली आलेली दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक. १०६ हॉर्सपॉवर, अंगानं हलकी, आणि आरपीएमचा काटा पाच हजाराच्या जवळ गेला की व्हीटेक लागतं, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात, आणि इंजिनचा आवाज जो बदलतो ना, तो ऐकायलाच लोक अजून ही गाडी घेतात. दोन दारांची स्पोर्ट्स कार नाही, कबूल, पण आपल्याकडच्या पोरांची स्पोर्ट्स कार हीच की. २००३ ला पुढची सिटी, जिला लोक डॉल्फिन म्हणतात, ती आली आणि ही बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण व्हीटेकसुद्धा वीस वर्षांच्या पुढचीच. माझ्याकडे एक आहे, एमएच ०९, म्हणजे आमच्या कोल्हापूर पासिंगचीच, आणि तिच्या इंजिनचं जे काय वाटोळं झालं त्यातलं निम्मं तरी वयानं झालेलं नाही, ते मी आणि माझ्या मेस्त्र्यांनी मिळून केलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणे. गाडी पन्हाळ्याच्या चढाला जरा गरम झाली की मेस्त्री म्हणतो, "काढून टाकूया भावा, आपल्या हवेला कशाला लागतोय त्यो." मी पण काढला होता. काटा खाली राहिला म्हणून खूश, आणि पुढच्या महिन्यात बघतोय तर ॲव्हरेज बसलेलं, आणि हायवेला लांब पळवताना, खासकरून पावसाळ्यात आणि थंडीत, व्हीटेक लागायचंच बंद झालेलं. कारण सोपं आहे. पाणी साधारण ७८ डिग्रीला पोचलं की थर्मोस्टॅट उघडायला लागतो, तो नसला की पाणी सारखं रेडिएटरमधनं फिरत राहतं आणि इंजिन धड तापतच नाही, मग ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो आणि थंड इंजिनला व्हीटेक लावतच नाही. वरनं जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं ते वेगळंच. गाडी गरम होत असेल तर आधी रेडिएटरचं झाकण, फॅनचं स्विच आणि जाळीत अडकलेला कचरा बघा, थर्मोस्टॅट खराब असेल तर नवीन टाका, पण टाका.

आणि कुलंट भरून झाल्यावर हवा काढायची राहून जाते. इंजिनवर त्यासाठी ब्लीडर बोल्ट असतो, तो ढिला करायचा, हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवायचा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत दम धरायचा. नळाचं पाणी नको, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे. अजून एक, काटा वर जाता जाता एकदम खाली पडला तर "झाली थंड" म्हणून ॲक्सिलेटर दाबू नका, बऱ्याचदा पाणीच इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो. तिथंच बाजूला घेऊन बंद करा. नाहीतर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं, मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, न्यायचं. तिथली कामाची माणसं भारीच आहेत, पूर्वीपासून ऑईल इंजिनं बनवणारं गाव आहे हे, पण फेसिंग करण्याआधी हेड किती वाकलंय ते पट्टी लावून मोजायला सांगा आणि चीर आहे का ते प्रेशर टेस्ट करून बघा. नुसतं घासून परत बसवलं की दोन महिन्यात गॅस्केट पुन्हा जातंय.

आता माझी लाज काढणारी गोष्ट. मे महिन्यात जोतिबाला गेलो, दर्शन घेऊन खाली आलो, गाडी उन्हात तापलेली, आणि स्टार्टर फिरतोय पण गाडी चालू होईना. अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली. असं चार वेळा झालं, मेस्त्र्यानं प्लग बदलले, मग पेट्रोल पंप बदलला, आठ हजार गेले आणि पुढच्या रविवारी गाडी परत तिथंच उभी! दोष होता डॅशखालच्या मेन रिलेचा. आतल्या सोल्डरला बारीक चिरा पडतात, ऊन लागलं की त्या उघडतात आणि पंपाला करंटच जात नाही. ओळखायचं कसं, तर चावी ऑन करून कान द्यायचा, मागून पंपाचा दोनेक सेकंद गुंइंग आवाज आला पाहिजे आणि चेक इंजिनची लाईट दोन सेकंदांनी विझली पाहिजे. तसं होत नसेल तर रिले काढा आणि टीव्ही रिपेअरवाल्याकडून परत डाग मारून घ्या. माझं काम तेवढ्यावरच झालं. पंप बोलतोय आणि तरी गरम असताना बंद पडते, तर डिस्ट्रीब्युटरमधला इग्निटर (प्लगची ठिणगी पाडणारं सर्किट) बघा, त्याची पण हीच खोड.

टायमिंग बेल्ट. "गाडी पळालीय कुठं एवढी" असं म्हणून लोक ठेवतात, पण रबर किलोमीटर मोजत नाही, बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर उद्याच बदला. तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला भिडतो. वॉटर पंप ह्याच बेल्टवर फिरतो म्हणून तो पण त्याच वेळी टाकायचा, पाचशे-हजार वाचवायला जाऊ नका. आणि ही खास गोष्ट बऱ्याच मेस्त्र्यांना माहीत नसते: हे इंजिन उलटं फिरतं, पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सेट करताना त्याच बाजूला कॅम पुली तीन दाते फिरवून मग बोल्ट आवळायचा, सवयीनं सुलटं फिरवलं की बेल्टाचा ताण चुकतो.

ऑईलचं थोडक्यात. जुनं इंजिन आहे म्हणून जाड २०डब्ल्यू५० ओतू नका, व्हीटेक लावणारी पिन ऑईलच्या प्रेशरनं सरकते, जाड ऑईलनं ते बिघडतं. व्हीटेक लागत नसेल तर आधी ऑईलची लेव्हल बघा, मग सोलेनॉईडखालची (व्हीटेकला ऑईल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बारीक जाळी काढून साफ करा, आणि मगच सोलेनॉईड विकत घ्या. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट लावणं) इंजिन पूर्ण थंड असतानाच, रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी घ्यायची. प्लगच्या खड्ड्यात ऑईल दिसलं तर ट्यूब सील गेलंय, प्लग बदलून उपयोग नाही. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, तेव्हा पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला, बॉनेटखाली पेट्रोलचा वास येईपर्यंत थांबू नका.

शेवटची चूक पुरातली. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरलं की माणूस पहिलं काय करतो, तर चालू होतीय का बघायला चावी मारतो, आणि सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नसल्यामुळं कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा, डिपस्टिकवर ऑईल दुधी झालंय का बघा. मग चारही प्लग काढून, डाव्या चाकाच्या आतून क्रँकचा बोल्ट पाना लावून हातानं फिरवा, पाणी भोकातनं बाहेर येतं. फिरवायचं पण उलटंच, हे तेवढं मेस्त्र्याला सांगा.