स्वतंत्र स्की केंद्राला सभासदांच्या बळावर नवे आयुष्य कसे द्यावे

स्वतंत्र स्की केंद्र सावरताना प्रथम मालकीचा प्रश्न सोडवावा. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मॅड रिव्हर ग्लेन येथे १९९५ साली स्की करणाऱ्यांनीच समभाग (शेअर) विकत घेऊन सहकारी संस्था स्थापन केली आणि खाजगी मालकीचा तो डोंगर आपल्या हाती घेतला. माझ्या मते हाच मार्ग सर्वांत टिकाऊ आहे, कारण सभासद नफ्याआधी डोंगराचा विचार करतो.

त्यानंतर लिफ्टकडे, म्हणजे दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या यंत्रणेकडे, वळावे. जुनी यंत्रणा मोडीत काढण्यापूर्वी तिचे खांब, दोर आणि मोटार तज्ज्ञांकडून तपासून घ्यावीत. मॅड रिव्हर ग्लेन येथील १९४८ सालची, प्रत्येक खुर्चीतून एकच माणूस वर नेणारी लिफ्ट २००७ साली देणग्यांच्या आधारे नव्याने उभारली गेली, मात्र तिचे एकासनी रूप कायम ठेवले गेले. दुहेरी खुर्च्या बसवल्या असत्या, तर उतारांवर गर्दी वाढून बर्फ लवकर झिजला असता, आणि प्रामुख्याने नैसर्गिक बर्फावर चालणाऱ्या केंद्राला ते परवडत नाही.

उत्पन्न असे निसर्गावर अवलंबून असल्यानेच चांगल्या हिवाळ्यातील शिलकीचा काही भाग कमी हिमवृष्टीच्या वर्षासाठी राखून ठेवण्याचा नियम संस्थेच्या उपविधीतच घालावा.